थर्मनच्या उजव्या हाताला

पहिली मोटार ओढ्यावरचा पूल ओलांडून डोंगराला लागली तेव्हा व्हेस्टा गेहार्ट गुडघे टेकून आपल्या आईच्या थडग्यावरचं गवत उपटत होती. गाडी ओळखीची नव्हती. मागून दुसरी आली, तीही अनोळखी. तिसरीच्या टपावर गिटारची पेटी दोरीने करकचून बांधलेली दिसली, तेव्हा ती कंबर धरून उठली.

"क्लेटन, ही कोणाची वरात निघालीय?"

तिचा मुलगा कुंपणाला पांढरा रंग देत होता. पन्नाशी उलटलेला, गावच्या नगर परिषदेवर निवडून आलेला माणूस. पण आईचा आवाज असा लागला की त्याच्या हातातला ब्रश आपोआप डब्यात जाई.

"मामाचे चाहते असतील."

"असतील?"

"आहेत. मार्लीनमामीने बोलावलंय." मग घाईघाईने, "मला वाटलं तुला तीच सांगेल."

"आणि तिला वाटलं तू सांगशील. छान चाललंय तुमचं."

मे महिन्याचा शेवटचा रविवार होता. या दिवशी गेहार्टांची झाडून सगळी पिलावळ डोंगरावर यायची, आपापल्या माणसांची थडगी साफ करायची, फुलं ठेवायची आणि मग ओकच्या झाडाखाली लांबलचक टेबलं मांडून जेवायची. हा घरचा दिवस. परक्यांना त्यात जागा नव्हती, आणि कोणी मागितलीही नव्हती. पण यंदा थर्मनचं थडगं नवं होतं. त्याच्यावरची माती अजून पुरती बसली नव्हती.

थर्मन, व्हेस्टाचा पाठचा भाऊ, ऐन जानेवारीत गेला. बर्फ इतका पडला होता की पिकअपच्या चाकांना साखळ्या बांधून शवपेटी वर न्यावी लागली. घरची मूठभर माणसं सोडली तर कोणी पोचू शकलं नाही. रेडिओवर मात्र आठवडाभर त्याचीच गिटार वाजत होती. टेक्सासपासून ओहायोपर्यंतचे लोक रेडिओला फोन करून रडत होते, आणि इकडे डोंगरावर चार माणसांनी कुदळी मारून गोठलेली जमीन फोडली होती.

व्हेस्टा फाटकात जाऊन उभी राहिली. एकोणऐंशी वर्षांची, काडीसारखी बाई. पण फाटक भरून गेलं.

पुढच्या गाडीतून एक आडदांड माणूस उतरला. त्याने उतरताउतरताच टोपी काढून छातीशी धरली.

"बाई, मी ड्वेन. ओक्लाहोमाहून आलो. ट्रक चालवतो. आम्ही फक्त भेटायला आलोय."

"कुणाला? तो काही उठून बसायचा नाही."

"माहीत आहे बाई. जानेवारीत निघालो होतो, पण अर्ध्या वाटेत बर्फाने अडवलं. परत फिरावं लागलं. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय."

व्हेस्टाने त्याच्या खांद्यावरून खाली पाहिलं. वळणावळणाच्या रस्त्यावर पार पुलापर्यंत गाड्या लागल्या होत्या. म्हातारे, जोडपी, काखेत कुबडी घेतलेली एक बाई, आणि इस्त्रीचा कोट घातलेला एक बारीकसा जपानी गृहस्थ, जो चढ चढून घामाघूम झाला तरी कोटाचं बटण सोडत नव्हता.

"माणसं आत या," ती म्हणाली. "टोप्या हातात. थडग्यांवर पाय द्यायचा नाही. आणि गिटारी कुंपणाच्या बाहेर."

"पण बाई, त्याच्यासाठीच तर आणल्यात—"

"आमचे वडील जुन्या बाप्टिस्ट पंथाचे उपदेशक होते. देवापुढे गळा न्यायचा, लाकूड आणि तारा नाही. या कुंपणाच्या आत आजवर वाद्य वाजलेलं नाही. थर्मनसुद्धा वर येताना गिटार गाडीत ठेवायचा. तुम्ही त्याच्याहून मोठे वाजवणारे आहात का?"

"नाही बाई," ड्वेन म्हणाला. आणि मागे वळून ओरडला, "गिटारी खाली ठेवा रे!"

आत थर्मनच्या थडग्याशी त्याची मुलगी रोंडा उभी होती. लेक्सिंग्टनला शाळेत शिकवायची. ओठ घट्ट मिटायची सवय तिला तिथेच लागली असावी. थर्मनच्या डाव्या हाताला तिची आई ओपल, थर्मनची पहिली बायको. उजव्या हाताला व्हेस्टाची स्वतःची जागा. तिथे दगडसुद्धा उभा होता: व्हेस्टाचं नाव, जन्माचं साल, पुढे एक आडवी रेघ आणि मोकळी जागा. व्हेस्टाचा नवरा आर्लो तरुणपणी मोटारींच्या कारखान्यात कामाला म्हणून डेट्रॉइटला गेला, तिथेच त्याने दुसरं बिऱ्हाड थाटलं आणि तिथेच तो पुरला गेला. तेव्हा व्हेस्टाने दगड करून घेतला आणि भावाच्या ठरलेल्या जागेशेजारी रोवून टाकला. दरवर्षी ती स्वतःच्या दगडावरचं शेवाळही स्वतःच खरवडायची.

"आत्या, तू या लोकांना आत घेतलंस?" रोंडा म्हणाली.

"फार लांबून आलेत."

"हे सगळं मार्लीनचं नाटक आहे. माणसं जमवायची, आणि मग आज जेवताना क्लेटनदादा विषय काढणार. बाबांना इथून उकरून खाली गावात न्यायचा विषय."

व्हेस्टाला हे माहीत होतं. हिवाळाभर ते घरात धुमसत होतं. हमरस्त्याच्या कडेला गावाने नवी बाग केली होती. तिच्या मधोमध थर्मनची समाधी असावी, म्हणजे चाहते बारा महिने येतील, गावात उतरतील, जेवतील, चार दुकानं चालतील, असं क्लेटनच्या डोक्यात होतं. थर्मनच्या दुसऱ्या बायकोने, मार्लीनने, त्याला हो म्हटलं होतं. आणि कायद्याने मार्लीनची सही पुरेशी होती. व्हेस्टाचा शब्द कुंपणाच्या आत चालायचा. सरकारी कचेरीत त्याला कोणी विचारणार नव्हतं.

"काढू दे विषय," ती म्हणाली. "विषयाला मी घाबरत नाही."

मार्लीन आली ती हातात भलंमोठं पातेलं घेऊन. साठी जवळ आलेली, ओठांना लाली, पायात डोंगरावर कोणी घालणार नाही असे बूट. तिचे आईबाप याच डोंगरातले, पण पोटासाठी ओहायोत डेटनला गेलेले. ती जन्मली तिथे, टायरच्या कारखान्यात कामाला लागली तिथे, आणि दर शनिवारी नाचघरात पहिल्या रांगेत उभी राहून थर्मनची गिटार ऐकायची तीही तिथेच. आधी चाहती, मग बायको. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी घरात तिचा उल्लेख "ओहायोवाली" असाच व्हायचा.

"तुम्हाला आधी सांगायला हवं होतं," ती व्हेस्टाला म्हणाली. "सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. म्हणून नाही सांगितलं."

"निदान खरं बोललीस. पातेल्यात काय आहे?"

"घेवडा. डुकराची हाडं घालून रात्रभर शिजवलाय."

"मीठ?"

"तुम्ही मागच्या वर्षी कमी म्हणालात, म्हणून यंदा जास्त घातलं."

"ठेव टेबलावर," व्हेस्टा म्हणाली. तिला ही बाई कधीच आवडली नाही असं नव्हतं. पण आवडते असं म्हणायची वेळ कधी आली नव्हती.

चाहत्यांनी रांगेने थडग्याला वळसा घातला. कोणी फुलं ठेवली, कोणी गिटारची तुटकी तार ठेवली, कोणी नुसताच हात टेकवला. कुबडीवाली बाई पुटपुटली, "माझ्या लग्नात वाजवलं होतंस रे, आणि बिदागी न घेता दोनदा जेवलास." मग सगळे कुंपणाबाहेर ओकखाली जमले आणि बोलायला लागले. व्हेस्टाने आपली खुर्ची कुंपणाला लागून, पण आतल्या बाजूला, ठेवून घेतली.

"टल्साला बघायला हवं होतं तुम्ही," ड्वेन सांगत होता. "नाचघरात मारामारी पेटली. खुर्च्या उडताहेत, बाटल्या फुटताहेत. ढोलकवाला पळाला, गाणारा टेबलाखाली. थर्मन आपला वाजवतोय! आणि वाजवता वाजवता त्याने लय हळू केली. आणखी हळू. आणखी. आता मारामारी करणाऱ्यांना कळेना काय होतंय, पण त्यांचे ठोसेसुद्धा त्या लयीत पडायला लागले. एकाने हात उगारला आणि ताल येईस्तोवर थांबला! मग समोरच्याला हसू फुटलं, आणि संपलंच सगळं."

टेबलांवर हसू उसळलं. गेहार्टांची माणसंही, नाही नाही म्हणत, जवळ सरकत होती.

जपानी गृहस्थ उठून उभे राहिले. "मी किनोशिता. ओसाकामध्ये माझं चपलाबुटांचं दुकान आहे." ते एकेक शब्द आधी मनात घासूनपुसून घेत असावेत असं बोलत. "तरुणपणी मी थर्मनसाहेबांची एक तबकडी निम्म्या वेगाने लावून त्यातली एक जागा शिकलो. दोन वर्षं लागली. मग लुइव्हिलला त्यांची भेट झाली. मी त्यांना ती जागा वाजवून दाखवली. ते म्हणाले, फार छान. पण मधे माझं बोट घसरलं होतं. तुम्ही ते घसरणंही शिकलात."

"मग?" कोणीतरी विचारलं.

"मला लाज वाटली. ते म्हणाले, लाजू नका, आता मला ते आवडायला लागलंय. त्यानंतर ते स्वतः ती जागा मुद्दाम चुकवून वाजवत. मी सगळ्या तबकड्या तपासल्या आहेत."

यावर टाळ्या पडल्या. आणि टाळ्या विरतात न विरतात तोच वादाला तोंड फुटलं. विषय होता थर्मनचा तो रडका स्वर. अंगठा खर्जाच्या तारेवर चालत्या घोड्यासारखा टपटपत राहायचा, बोटं वर गाणं म्हणायची, आणि मधेच एखादा स्वर असा वर चढून, तुटून, खाली लोंबकळायचा की नाचणाऱ्यांचे पाय जागीच थबकायचे. तो काढायचा कसा? ड्वेनचं म्हणणं, तो खुंट्यांजवळ तार दाबायचा. किनोशितांचं म्हणणं, अजिबात नाही, मनगटाने गिटारची मानच किंचित वाकवायचा. तिसरा म्हणाला, सगळी करामत तारांच्या जाडीत. कोणी यंत्राचं नाव घेतलं. आवाज चढले. ड्वेन ट्रकवाल्या घशाने बोलायला लागला आणि किनोशितांनी अखेर कोटाचं बटण सोडलं.

"घरच्यांना विचारा की!" कुबडीवाली बाई म्हणाली. "रोंडा, तुझे बाबा सांगायचे का गं कधी?"

"बाबा घरी असले तर झोपलेले असायचे," रोंडा म्हणाली.

"मामी?" क्लेटनने विचारलं.

"मला विचारू नका," मार्लीन म्हणाली. "मी तो ऐकला की रडायचे. बघायला शुद्ध असायची कुणाला?"

व्हेस्टा कुंपणाआड बसून हे ऐकत होती. तिला मनापासून नवल वाटत होतं. जगभरची शहाणीसुरती माणसं, आणि एवढी साधी गोष्ट ठाऊक नाही?

"अरे, ती आई आहे," ती म्हणाली.

"कोण आई?"

"आमची आई. गाईला हाक मारतेय. समोरच्या डोंगराच्या धारेवर आमची गाय, बेस, चरायला जायची. संध्याकाळी आई परसात उभी राहून तिला बोलवायची. थर्मन तेव्हा चुलीपुढे बसून पहिली गिटार खाजवत असायचा. त्याने ती हाकच उचलली. मला वाटलं सगळ्यांना माहीत आहे."

मग ड्वेनने हळूच विचारलं, "बाई, कशी मारायच्या त्या हाक?"

व्हेस्टा उठली. कुंपणावर एक हात ठेवला, समोरच्या धारेकडे तोंड केलं, आणि त्या काडीसारख्या छातीतून आवाज निघाला: "सूऽऽऽक! सूऽऽक, बेस! सूऽऽऽक!" तो वर चढला, टोकाला जाऊन तुटला, आणि खोऱ्यात सावकाश खाली उतरत गेला. पलीकडच्या धारेने तो परत पाठवला. खाली कुठलं तरी कुत्रं भुंकलं. लहान मुलं खेळायची थांबली.

किनोशिता गाड्यांकडे गेले, पेटी उघडून गिटार घेऊन आले आणि कुंपणाच्या बाहेर, व्हेस्टाच्या समोर, गवतावर बसले. नजरेनेच त्यांनी परवानगी मागितली.

"तिथे तुमचं राज्य," ती म्हणाली. "वाजवा."

त्यांनी तार ओढली. एकदा नाही जमलं. दुसऱ्यांदा स्वर वर गेला, तुटला आणि उतरला. ड्वेनने चटकन तोंड फिरवलं. मार्लीन पातेल्यावरचं झाकण हातात धरून तशीच उभी राहिली. व्हेस्टाला तिचा चेहरा त्या क्षणी स्पष्ट दिसला. ओहायोचं, कारखान्याचं, लालीचं काही त्यावर नव्हतं. जानेवारीत सगळ्यांनी तिला सांत्वनाचे शब्द दिले, पण हा चेहरा तेव्हा कोणी पाहिला नव्हता. तिने तो दाखवलाच नव्हता.

जेवणं सुरू झाली. तळलेली कोंबडी, मार्लीनचा घेवडा, मक्याचा पाव, सफरचंदाचा थर घातलेला उंच केक. चाहत्यांची पानं वाढताना गेहार्टांच्या बायका आता "आणखी घ्या, लाजताय काय" म्हणत होत्या. क्लेटनला वाटलं, हीच वेळ. तो चमच्याने पेला वाजवत उभा राहिला.

"मंडळी, बघताय ना? एवढे लोक! आणि हा रस्ता. पावसात चिखल, थंडीत बर्फ. मामा काही फक्त आपला नव्हता. खाली बागेत त्याला जागा दिली, तर ज्याला यायचंय त्याला कधीही येता येईल. नगर परिषद तयार आहे. मामी तयार आहे. प्रश्न एवढाच, की आईने आशीर्वाद द्यावा."

"आणि मी?" रोंडा उभी राहिली. "माझी आई तिथे एकटी पडेल त्याचं काय?"

"अगं, ओपलमामीलाही नेऊ—"

"तिला हात लावायचा नाही! ती गेली तेव्हा बाबा टेक्सासात स्टेजवर होते. जिवंतपणी तिच्या वाट्याला नाही आले, मेल्यावर तरी शेजारी आलेत. आता तेही काढून घेताय? आणि हे चाहत्यांसाठी वगैरे सांगू नका. मार्लीन, खरं सांगा. बागेत समाधीवर दोन नावं येतील. त्यांच्याशेजारी तुम्हाला जागा मिळेल. हेच हवंय ना तुम्हाला?"

सगळ्यांचे चमचे थांबले. क्लेटन "रोंडा, अगं" म्हणाला आणि खाली बसला.

मार्लीनने हात पुसले. "हो," ती म्हणाली. "हेच हवंय."

एवढं सरळ उत्तर रोंडाने गृहीत धरलंच नव्हतं.

"अठरा वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी झोपले. शेवटी त्याला कूस बदलता येत नव्हती तेव्हा मी बदलायची. जानेवारीत त्याला इथे आणलं. मी बघितलं. डाव्या बाजूला ओपल आहे, उजव्या बाजूला व्हेस्टाताईंचा दगड आहे. ओपलची जागा मला नको, ती तिचीच आहे. पण मग मी मेले की मला कुठे नेणार तुम्ही? डेटनला? तिथे माझं कोणी राहिलं नाही. मी विचारणार कुणाला होते? अठरा वर्षांत इथे मला कोणी बसायला खुर्ची आपणहून दिली नाही, जागा कोण देणार? बाग देत होती. म्हणून हो म्हटलं." ती श्वास घ्यायला थांबली. "सही मी केलेली नाही अजून. करणार नाही असंही म्हणत नाही."

व्हेस्टाने हातातला पाव ताटात ठेवला, उठली आणि कोणाकडे न बघता फाटकातून आत गेली. ती रागावली असं सगळ्यांना वाटलं. ती रागावलीच होती, पण रोंडावर नाही आणि मार्लीनवरही नाही. घरात एवढी तोंडं असून ही गोष्ट एकाही तोंडातून बाहेर आली नाही, याचा तिला राग आला होता.

रोंडा मागोमाग आली. "आत्या, मी बोलायला नको होतं का?"

"बरं झालं बोललीस. नाहीतर ती बोलली नसती." व्हेस्टा थर्मनच्या पायथ्याशी उभी होती. "मला एक सांग. तुझी आई गेली तेव्हा तिचा हात कोणाच्या हातात होता?"

"तुझ्या."

"आणि तुझा बाप गेला तेव्हा त्याचा?"

रोंडाने थर्मनच्या मातीवरचं एक वाळकं पान उचललं.

"तू रविवारी यायचीस लेक्सिंग्टनहून. मी म्हातारी, मला त्याला उचलता येत नव्हतं. बाकीचे दिवस कोण होतं, हे तुलाही ठाऊक आहे."

"मी नाही कधी म्हटलं की तिने केलं नाही."

"केलं असंही नाही म्हटलंस. मीही नाही." व्हेस्टाने उजव्या बाजूच्या दगडाकडे हात केला. "ही जागा मी तिला दिली, तर तुझ्या आईला चालेल?"

रोंडाने ओपलच्या दगडाकडे पाहिलं. "मधे बाबा आणि दोन बाजूंना दोघी," ती म्हणाली. "लोक हसतील, आत्या."

"हसू देत. थर्मनला हसलेली माणसं आवडायची."

रोंडाच्या मिटलेल्या ओठांची कड हलली. "आईला ते गिटारीचं कधीच आवडलं नाही. ती म्हणायची, घरात दुसरं कुणी ऐकणारं असतं तर मी सुटले असते." तिने डोळे पुसले. "चालेल. आईला चालेल."

व्हेस्टा फाटकाशी आली. बाहेर अजून कोणी पुन्हा जेवायला सुरुवात केली नव्हती.

"क्लेटन, कुदळ आण. ड्वेन, तुम्ही हाताने दणकट दिसता, आत या. माझा दगड उपटायचाय."

"आई, काय बोलतेस तू!"

"साध्या शब्दांत सांगितलं ना? दगड काढायचा आणि आईच्या पायाशी लावायचा. तिथे मोकळं आहे. थर्मन कुठेही जाणार नाही. बागेत त्याचा पुतळा बसवा, बाक टाका, हवं तर कारंजं उडवा, माझी ना नाही. आणि लोकांना वर यायला त्रास होतो म्हणालास ना? मग नगर परिषदेला सांग, रस्त्यावर खडी टाका. तुझंच तर ऐकतात ते."

क्लेटनने भोवती पाहिलं. चाहते त्याच्याकडे आशेने बघत होते. मतं मागताना तो बघायचा, अगदी तसेच. तो कुदळ आणायला गेला.

दगड जड होता आणि खोल रोवलेला होता. ड्वेनने खांदा लावला, क्लेटनने कुदळीने माती ढिली केली, किनोशितांनी कोट काढून घडी करून कुंपणावर ठेवला आणि बाह्या सरसावल्या. "व्हेस्टाबाई," ड्वेन धापा टाकत म्हणाला, "आजवर पुष्कळ माल वाहिला, पण मालकीण शेजारी उभी राहून हुकूम सोडतेय असा थडग्याचा दगड नाही वाहिला."

"कोपरा सांभाळा. नावावर ओरखडा यायला नको, पुन्हा कोरायला लागेल."

दगड हलला, निघाला, आणि तिघांनी तो पावलापावलाने आईच्या पायथ्याशी नेला. थर्मनच्या उजव्या हाताला ओल्या मातीचा एक काळा चौकोन राहिला आणि भोवती गवत.

मार्लीन फाटकाशी उभी होती. आत पाऊल टाकत नव्हती.

"ये की," व्हेस्टा म्हणाली. "लहानपणी आम्ही भावंडं एका खाटेवर झोपायचो. थर्मन रात्रभर लाथा मारायचा. मी पुष्कळ खाल्ल्या. आता मला जरा लांब झोपायचंय."

"शेवटपर्यंत मारायचा," मार्लीन म्हणाली.

"म्हणजे तुला सवय आहे. बघ, पुरते का जागा."

मार्लीनने जागेकडे पाहिलं. रोंडाकडे पाहिलं. रोंडाने मान डोलावली. मग त्या ओहायोवालीने पायातले बूट काढून बाजूला ठेवले, रविवारचा चांगला झगा गुडघ्यांशी आवळला, आणि सगळ्या गेहार्टांच्या आणि सगळ्या चाहत्यांच्या देखत गवतावर सरळ उताणी झोपली. हात पोटावर, डोळे आभाळाकडे. कुंपणाबाहेर कोणीतरी हसलं आणि लगेच कोणीतरी त्याला गप्प केलं.

"काय गं, कसं काय?" व्हेस्टाने विचारलं.

"उतार आहे. डोकं खाली जातंय."

"भर घालून घेऊ. घाई नाही काही."

बाहेर ड्वेन आणि किनोशितांनी गिटारी हातात घेतल्या होत्या. एकाचा अंगठा चालू लागला, दुसऱ्याने वर गाणं धरलं, आणि सूर कुंपणावरून आत आले. व्हेस्टाने त्यांना अडवलं नाही. रोंडा वाकली आणि तिने मार्लीनपुढे हात केला.

"उठा आता, हळू. घेवडा गार होतोय तुमचा."

"थोडं पडू दे," मार्लीन म्हणाली. तिने डोळे मिटले होते आणि डावा हात बाजूला, थर्मनच्या मातीवर टेकवला होता.